मंगळवारची संध्याकाळ, माजी सैनिकांचा हॉल: अमेरिकन नागरिकत्वाच्या वर्गाबद्दल

ओहायोत कोलंबसच्या आसपास मुलाकडे किंवा मुलीकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं होऊन गेली आणि नागरिकत्वाचा अर्ज "करू, करू" म्हणत मागे पडलाय, अशांनी तर जरूर वाचावं.

शहराच्या पूर्वेला हमरस्त्याच्या कडेला माजी सैनिकांच्या एका संघटनेचा जुना हॉल आहे. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू अशा संघटनांच्या शाखा इथे गावोगाव असतात, त्यांतलीच ही एक. तिथे दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ नागरिकत्वाचा वर्ग भरतो. एक तुकडी बारा आठवड्यांची. फी नाही. शिकवणारे सगळे स्वयंसेवक आहेत. आपली नावं कुठे लिहू नका, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून मी ती देत नाही. शाखेचंही देत नाही.

मी ९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर २०२५ असे बाराही मंगळवार गेले. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पहिली-दुसरीला. त्यामुळे कुठल्याही वर्गात गेले की माझी नजर आधी फळ्यावर जाते आणि मग सगळ्यात मागे गप्प बसलेल्या माणसावर. तसंच या वर्गाकडेही पाहिलं. चांगलं वाटलं ते लिहिते आणि खटकलं तेही लिहिते.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरले तर दाराजवळ एक छोटं गोल टेबल दिसलं. पांढरं कापड, त्यावर एक लाल गुलाब, एक बशी, बशीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. पेला पालथा घातलेला. समोर एक रिकामी खुर्ची. पितृपंधरवडा चालू होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कुणासाठी तरी पान वाढून ठेवलंय. मी वाकून नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या उंच, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी ते पाहिलं. लढाईत बेपत्ता झालेल्या आणि शत्रूच्या कैदेतून परत न आलेल्या सैनिकांसाठी हे टेबल मांडलेलं असतं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. लिंबू म्हणजे त्यांच्या नशिबाचा कडवटपणा, मीठ म्हणजे वाट पाहणाऱ्यांचे अश्रू, आणि पेला पालथा कारण ते आज आपल्याबरोबर पिऊ शकत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही नमस्कार का केलात?" मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की आमच्याकडेही गेलेल्यांसाठी पान वाढतात आणि ते दिवस आत्ताच चालू आहेत. हे गृहस्थ आमचे मुख्य शिक्षक निघाले. वय ७७. १९६८ साली सक्तीच्या भरतीचं पत्र आलं आणि विसाव्या वर्षी व्हिएतनामला गेले. परत आल्यावर ३० वर्षं टपाल वाटलं.

आता वर्गात काय शिकवतात ते. परीक्षेचे दोन भाग असतात. इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं आणि तीनपैकी एक नीट लिहायचं. दुसरा भाग इतिहास आणि राज्यकारभाराचा, तो तोंडी. आमचा वर्ग सुरू झाला तेव्हा जुनीच पद्धत होती: १०० प्रश्नांची यादी, त्यातले १० विचारणार, ६ बरोबर आले की पास. तिसऱ्या मंगळवारी गेलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत "१२८" लिहिलेलं. २० ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज करतील त्यांना १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० विचारणार आणि १२ बरोबर यायला हवेत, असा बदल सरकारने जाहीर केला होता. वर्गात एकच गलबला झाला. सोमालियातून आलेली एक तरुण आई रडायलाच लागली. तिने शंभर प्रश्न तोंडपाठ केले होते.

त्या संध्याकाळी शिक्षकांनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि एकेकाला जवळ बोलावून विचारलं: तुमची कागदपत्रं तयार आहेत का, २० तारखेच्या आत अर्ज जाईल का? ज्यांचा जाणार होता त्यांची वेगळी यादी केली. बाकीच्यांना सांगितलं की जादा प्रश्न आपण इथेच शिकू. पुढच्या मंगळवारी नव्या प्रश्नांच्या छापील प्रती प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलेल्या होत्या. ही तत्परता मला फार मोलाची वाटली. सरकारी नियम बदलला की सामान्य माणूस पहिल्यांदा घाबरतो, आणि त्या वेळी समोर शांत चेहऱ्याचं माणूस लागतं.

शिकवण्याची हातोटी दोघांची वेगळी. दुसऱ्या शिक्षिका पंचेचाळिशीच्या, जन्म फिलिपाइन्सचा. इराकमध्ये नोकरी झालेली. त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या त्याच मुळी गणवेशात असताना. युद्धकाळात सैन्यात असलेल्या परदेशी माणसाला पाच वर्षं थांबावं लागत नाही आणि अर्जाची फीही नसते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ सरकारने त्या कामासाठी युद्धकाळच धरला आहे. त्या सराव मुलाखत घेत तेव्हा कोट घालून, दार लावून, हसू गिळून बसत. उजवा हात वर करायला लावत. खऱ्या मुलाखतीत अधिकारी कसा बोलेल ते सांगता येत नाही, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या उच्चारांची माणसं गोळा केली होती. एक निवृत्त पोलीस, एक दक्षिणेकडचे आजोबा, एक अगदी भराभर बोलणारी नर्स. मी घरी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये प्रश्न घोकत होते, पण तो यंत्राचा आवाज नेहमी सारखाच. इथे तिसऱ्या सराव मुलाखतीनंतर माझे हात थरथरायचे थांबले.

अर्जाचा फॉर्म, एन-४००, त्यातले प्रश्न त्यांनी एकेक करून समजावले. हे काम बाकी कुठे होताना मी पाहिलं नाही. आधी मी एका ठिकाणी जात होते तिथे फक्त शंभर प्रश्न पाठ करून घेत. मुलाखतीत मात्र अधिकारी फॉर्ममधले शब्द उचलून विचारतो, "याचा अर्थ काय?" आणि तिथेच आपली मंडळी अडकतात. "कायद्याने गरज पडली तर तुम्ही शस्त्र धारण कराल का?" असा एक प्रश्न त्यात आहे. इंग्रजीत तिथे "बेअर आर्म्स" असं आहे, त्यातला "बेअर" शब्द मला अस्वल म्हणून माहीत होता आणि सोसणे म्हणूनही. शिक्षकांनी फळ्यावर तीन चित्रं काढली: अस्वल, डोक्यावर ओझं घेतलेला माणूस आणि खांद्यावर बंदूक घेतलेला शिपाई. मी पहिलीच्या वर्गात अशीच चित्रं काढत असे. मग ते म्हणाले, की साठी-सत्तरीच्या बाईच्या हातात कुणी बंदूक देणार नाही, पण प्रश्न तुमच्या हाताला नाही, तुमच्या शब्दाला आहे, म्हणून तो समजून उत्तर द्या. ज्यांच्या धर्मात शस्त्र निषिद्ध आहे त्यांच्यासाठी शपथेत वेगळी सोय असते, तेही सांगितलं.

आता माझी स्वतःची अडचण सांगते, कारण वर्गाची खरी किंमत मला तिथे कळली.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान कामी आले. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. १९७१ च्या डिसेंबरात मी सातवीत होते. वडिलांचं पत्र ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, शिक्क्याचं येई, आणि ते येईपर्यंत आई देवापुढचा दिवा विझू देत नसे. पेन्शनीवर आल्यावर वडील ओट्यावर बसून तालुक्यातल्या जवानांच्या बायकांचे, विधवांचे अर्ज भरत. काळी पेटी उघडायची, कागद लावायचे, शाईचं पेन. पैसे कधी घेतले नाहीत. अशा माणसाची मी मुलगी. आणि अमेरिकेच्या शपथेत पहिलंच कलम आहे, की आजवर ज्या राष्ट्राची मी प्रजा होते त्याच्याशी असलेली सर्व निष्ठा मी पूर्णपणे सोडते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. इथली शपथ घेतली की तिथलं नागरिकत्व गेलं. मुलगा म्हणे, "आई, कागदाचं काम आहे गं." मला ते कागदाचं वाटत नव्हतं.

१४ ऑक्टोबरला वर्ग संपल्यावर मी शिक्षकांना हे सांगितलं. मुदत सहा दिवसांवर आली होती, आणि ती गाठली असती तर मलाही जुनी सोपी परीक्षा मिळाली असती. त्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला नाही. वडिलांची पलटण विचारली, स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "तारखेसाठी सही करू नका. २८ प्रश्न जास्त आले तर ते मी तुम्हाला शिकवीन. ग्रीन कार्डावर तुम्ही इथे राहूच शकता, दहा वर्षांनी ते नवं करून मिळतं." आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं. विसाव्या वर्षी रांगेत उभं राहून त्यांनी सैन्याची शपथ घेतली, तेव्हा एका शब्दाचाही विचार केला नव्हता. विचार नंतर केला, पुष्कळ वर्षं केला. आपल्या वर्गातल्या कुणी तशी शपथ घेऊ नये, एवढंच त्यांना वाटतं.

पुढच्या मंगळवारी दिवाळी होती. मी चिवडा-चकली घेऊन गेले. वर्गानंतर अर्धा तास थांबून त्यांनी माझ्यासारख्या आणखी दोघांना घेऊन शपथ ओळीओळीने वाचली. प्रत्येक कलमाशी थांबून विचारलं, यात तुमच्याकडून काय मागितलंय आणि काय मागितलेलं नाही? मी वहीत दोन रकाने केले. निष्ठा मागितली आहे. कायदा पाळणं, गरज पडली तर देशाच्या कामाला येणं मागितलं आहे. आईबापांना विसरणं कुठल्याही ओळीत नाही. भाषा सोडणंही नाही. ती वही मी अजून उशाशी ठेवते.

माझा निर्णय झाला तो ४ नोव्हेंबरला, आणि तोही याच हॉलमध्ये. त्या दिवशी ओहायोत मतदान होतं आणि हॉल हेच मतदान केंद्र. वर्ग मागच्या खोलीत भरला. शिक्षकांनी आम्हाला आधी बाहेर नेऊन दाखवलं: केंद्रापासून १०० फुटांवर दोन छोटे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या आत प्रचार करायचा नाही. मी २० वर्षं मतदान अधिकारी म्हणून ड्यूटी केली आहे. आदल्या रात्री शाळेत मुक्काम, पहाटे उठून यंत्र तपासणं, शंभर मीटरची रेघ मारणं, बोटाला शाई लावणं. दारातून आत पाहिलं तर माझ्याच वयाच्या बायका याद्या घेऊन बसलेल्या, ओळखपत्र पाहत होत्या, कुणाला रांग दाखवत होत्या. बोटाला शाई नव्हती, छातीवर कागदी चकती चिकटवत होते. शाळा मंडळाचे सदस्य निवडायचे होते, माझ्या नातवाच्या शाळेचं मंडळ. मी शेवटचं मत दिलं ते २३ एप्रिल २०१९ ला, साताऱ्यात लोकसभेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावलेली बाई सहा वर्षं दारात उभी आहे, हे मला त्या संध्याकाळी सोसेना. त्याच शनिवारी मुलाला बसवून ऑनलाइन अर्ज भरला. फी ७१० डॉलर. कागदावर भरला तर ७६०. कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर सवलतीत ३८० मध्ये होतो, त्याचीही माहिती वर्गात देतात.

पैशांवरून आठवलं. वर्गात जायच्या आधी मुलाने एका सल्लागाराला विचारलं होतं. नुसता फॉर्म भरून द्यायचे ६०० डॉलर, सरकारी फी वेगळी. आणि त्याने मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलाच नाही: पाच वर्षांत अमेरिकेबाहेर सलग किती दिवस होतात? मी जानेवारी २०२० मध्ये साताऱ्याला गेले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले, ती सप्टेंबरात परत आले. आठ महिने. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की इथल्या वास्तव्यात खंड पडला असं धरतात आणि तो पडला नाही हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून प्रवासाच्या तारखा लिहून घेतल्या. माझी तारीख पाहून शिक्षिका म्हणाल्या, हे आम्ही सांगायचं नाही, वकील सांगतील. प्रत्येक तुकडीत एक वकीलबाई एक संध्याकाळ विनामूल्य येतात. त्यांनी माझं पारपत्र पाहिलं आणि सांगितलं, की परत आल्यापासून आता पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यानंतरचे प्रवास छोटे आहेत, अडचण नाही. दर हिवाळ्यात गावी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. सलग सहा महिन्यांच्या आत परत यायचं, आणि पाच वर्षांत मिळून निदान तीस महिने इथे काढलेले असायला हवेत.

माजी सैनिक स्वतः कायद्याचा सल्ला देत नाहीत, हा मला त्यांचा मोठा गुण वाटला. एका तरुणाला कधीकाळी अटक झाली होती. त्याने अर्ज भरून द्या म्हणून खूप विनवलं. शिक्षकांनी फॉर्मला हात लावला नाही. वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी यांच्याशिवाय कुणाकडूनही हे करून घेऊ नकोस, एका चुकीच्या खुणेने तुझं ग्रीन कार्डही जाऊ शकेल, असं स्पष्ट सांगितलं आणि स्वतः गाडीत घालून त्याला वकिलाकडे नेलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत ते नेपाळी बोलणारे आजोबा. कोलंबसमध्ये भूतानमधून निघालेल्या नेपाळीभाषकांची मोठी वस्ती आहे. १९९० च्या सुमारास भूतानने त्यांना बाहेर काढलं, आजोबांची पुढची वीसएक वर्षं नेपाळमधल्या झापाच्या छावणीत गेली, २०१० साली इथे आले. वय ७१. आम्ही हिंदीत बोलत असू. मी त्यांना दाजू (थोरला भाऊ) म्हणे, ते मला बहिनी (धाकटी बहीण) म्हणत. इंग्रजीच्या परीक्षेत ते पूर्वी एकदा नापास झाले होते आणि त्यांनी नाद सोडला होता. या हॉलमधल्या लोकांनी त्यांना सांगितलं, की पंचावन्नच्या पुढचं वय आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते, प्रश्नांची उत्तरं दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येतात. २०२५ मध्ये त्यांची १५ वर्षं भरली, तेव्हा अर्ज गेला. त्यांना देवनागरी वाचता येते. म्हणून मी शंभर प्रश्न देवनागरीत लिहून काढले, त्यांच्या नातीने नेपाळी अर्थ सांगितला तो खाली लिहिला. ती वही आता त्यांच्या वस्तीत घरोघर फिरते आहे. नोव्हेंबरात दाजू पास झाले, डिसेंबरात कोर्टात शपथविधी झाला. मी गेले होते. हॉलमधले चार माजी सैनिक टोप्या घालून, झेंडे घेऊन ओळीत उभे होते. शपथ झाल्यावर त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. दाजूंनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाले, "बहिनी, पैंतीस साल बाद किसी देश का हुआ हूँ." मी सोडण्याच्या दुःखात होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे सोडायलाही काही नव्हतं.

इतिहासाच्या तासांतला एक सांगायलाच हवा. २८ ऑक्टोबरला शिक्षकांनी भिंतीवर एक फोटो दाखवला: अमेरिकन सैन्याचा गणवेश, डोक्यावर पगडी. भगतसिंग थिंद. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं आणि चार दिवसांत काढून घेतलं. १९२० मध्ये पुन्हा मिळालं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२३ मध्ये निकाल लागला की हा माणूस कायद्याच्या अर्थाने "गोरा" नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. पुढे १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्या आशियाई माजी सैनिकांसाठी कायदा झाला. जपानी वंशाचे माजी सैनिक टोकुटारो स्लोकम यांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले होते. त्या कायद्याखाली थिंद १९३६ साली नागरिक झाले. बाकीच्या भारतीयांना दार उघडलं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. हे सांगून झाल्यावर शिक्षक म्हणाले, की १९२४ मध्ये आशियातून येणाऱ्यांना दार बंद करणारा कायदा झाला तेव्हा अमेरिकन लीजन त्याच्या बाजूने होतं, माजी सैनिकांचा हा इतिहासही तुम्हाला माहीत असायला हवा. आपल्याच माणसांची चूक परक्यांच्या वर्गात सांगणं सोपं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांचा प्रत्येक शब्द खरा धरला.

आता उणिवा. बसने जाणाऱ्याचे हाल आहेत. आठनंतरची बस मिळत नाही, कुणीतरी सोडेल या भरवशावर राहावं लागतं. संघटनेच्या महिला मंडळातल्या दोघीतिघी रोज माणसं सोडत, पण सगळ्यांना पुरत नसत. हॉलला लागून बार आहे, मंगळवारी तिथे खेळ चालतो, आणि मधली भिंत पातळ. मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही, माइक असूनही वापरत नाहीत. मुख्य शिक्षक रंगात आले की लढायांवर फार वेळ देतात. पाचव्या आठवड्यापर्यंत आमचं यादवी युद्ध संपलं नव्हतं आणि राज्यघटनेचे पाठ घाईत उरकले. आपल्या देशातले कागद, म्हणजे पारपत्र परत करणं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) काढणं, याबद्दल त्यांना माहिती नाही, ती आपली आपण काढायची. माझ्या भावाबरोबरच्या सातबाऱ्यावरचं माझं नाव जात नाही, पण ओसीआय झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, हे मी बाहेरून विचारून घेतलं.

आणि एक प्रसंग. सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी बारमधून आलेला संघटनेचाच एक सभासद दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, की यांना शिकवायला आपण लढलो होतो का? सोमाली मुलगी हिजाब सावरत खाली बघायला लागली. मुख्य शिक्षकांनी खडू ठेवला, त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं, दहा मिनिटांनी परत आले आणि आमची सगळ्यांची उभं राहून माफी मागितली. पुढच्या मंगळवारी तो माणूस कॉफीचा डबा घेऊन आला, काही बोलला नाही, डबा ठेवून गेला. मी हे लपवत नाही, कारण तिथे जाणाऱ्याला असं काही ऐकू येऊ शकतं. माफी कशी मागितली गेली, तेही मी पाहिलं आहे.

लिखाणाचा सराव अगदीच कमी होता, दहा मिनिटंही नाही. ज्यांनी आयुष्यात हातात पेन्सिल धरली नाही, त्यांना त्याचीच सर्वांत जास्त भीती. सहाव्या आठवड्यात मी हे शिक्षिकेला सांगितलं. त्यांनी लगेच कोपऱ्यात एक टेबल दिलं आणि म्हणाल्या, तुम्हीच घ्या. लिखाणाच्या शब्दांची सरकारी यादी आहे, त्यात काही महिने येतात. फेब्रुवारीचं स्पेलिंग सगळ्यांचं चुकत होतं, कारण इथली माणसं बोलताना त्यातला पहिला "र" गिळतात. मी त्यांना आपल्यासारखं "फेब्रुवारी" म्हणायला शिकवलं, "र" ठणठणीत. सोमाली मुलगी ते म्हणत म्हणत लिहायची. एकदाही चुकली नाही.

११ नोव्हेंबरचा तास एकच तासाचा झाला, कारण त्या दिवशी व्हेटरन्स डे. नव्या यादीतले शेवटचे दोन प्रश्न, १२७ आणि १२८, मेमोरियल डे म्हणजे काय आणि व्हेटरन्स डे म्हणजे काय असे आहेत. वर्गातले निम्मे लोक त्यांची अदलाबदल करत. शिक्षकांनी आम्हा सगळ्यांना उठवून दाराजवळच्या त्या गोल टेबलापाशी नेलं. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, मेमोरियल डे यांचा, जे सेवेत असताना मरण पावले. मग शिक्षिकेकडे आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले, व्हेटरन्स डे आमचा, ज्यांनी सेवा केली. त्यानंतर कुणाचंही चुकलं नाही. मी ३१ वर्षं शिकवलं, इतका सोपा पाठ फार क्वचित पाहिला. मग त्यांनी मला विचारलं, वडिलांचा दिवस तुम्ही कुठल्या तारखेला पाळता? मी सांगितलं, तिथी असते, पितृपंधरवड्यात येते. त्यांनी ती पुढच्या वर्षीची तारीख काढून मागितली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली.

माझी मुलाखत अजून व्हायची आहे, तारीख आलेली नाही. नापास झाले तरी ६० ते ९० दिवसांत आणखी एकदा बोलावतात, म्हणून धास्ती नाही.

पुढची तुकडी २० जानेवारी २०२६ ला, मंगळवारीच सुरू होते. जाताना पाच वर्षांतल्या पत्त्यांची आणि भारतवारीच्या तारखांची यादी करून न्या, ग्रीन कार्डाची झेरॉक्स न्या, चष्मा विसरू नका. पुढच्या दोन रांगांत बसा. आपल्याच भागात असा वर्ग आहे का, ते जवळच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जाऊन विचारा. फोनपेक्षा प्रत्यक्ष गेलेलं बरं, दुपारी कुणी ना कुणी असतं. आणि या हॉलमध्ये आलात तर साडेपाचलाच या. मी लिखाणाच्या टेबलाशी असते, पेन्सिली टोक करून ठेवलेल्या असतात.